पंपाचा खटका

निपाणी, १४ सप्टेंबर

उपेंद्र,

सप्रेम वगैरे काही लिहीत नाही, नुसतं लिहिते. तुझ्या आईसमोर संसारभर तुला ‘अहो’ म्हणत आले, कागदावर म्हणणार नाही. फोन तू उचलत नाहीस. मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही होत नाही. स्पीड पोस्टाला निदान सही करावी लागते, म्हणून हे पत्र.

आधी काम सांगते. गेल्या आठवड्यात बेळगावजवळच्या काकतीची एक मुलगी आमच्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत आली. तेजस्वी तिचं नाव. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते आणि त्यावरच तिचं घर चालतं. तिच्याजवळ व्हॉल्व्हचा जुना अँप आहे, गोव्यातल्या कुणा म्हाताऱ्याकडून घेतलेला, आणि अँपचा आवाज कमी करणारा एक नवाकोरा काळा डबा. डब्यावर चंदेरी अक्षरांत ‘मौन’ असं नाव, खाली बेंगळुरू. नाव चांगलं शोधलंस. तुला बोलायचं नसलं की तू हेच करायचास.

गणपतीतल्या एका कार्यक्रमात, हॉल छोटा, लोक ‘आवाज कमी करा’ म्हणाले, तेव्हा तिने वाजवता वाजवता डब्याची मूठ मधल्या खटक्यावरून उजव्यावर फिरवली. आवाज गेला आणि जळका वास आला. ती म्हणत होती, “आक्का, डबाच बिघडलाय बघा. मधल्या खटक्यावर लई खरखरतोय. तेवढा दुरुस्त करून द्या.” बिचारीला वाटत होतं, गेला तो डबाच.

मी मीटर लावला. डब्याच्या डाव्या आणि उजव्या खटक्यावर रीडिंग बरोबर होतं, मधल्यावर नाचत होतं. मग अँप पाहिला. स्पीकरला जोर पोचवणारा त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मेला होता. हे तिला सांगायला मला थोडा वेळ लागला. ती अँपवरचं कापड नीट करत राहिली.

मग मी डबा उघडला.

तिसरा रेझिस्टर पाहिला आणि त्याचं माप मी पुन्हा मोजलं. बेळगावात टिळकवाडीच्या गच्चीवर पहिला डबा केला तेव्हा शेगडीची कॉईल कापून कापून मी रेझिस्टर म्हणून वापरली होती. शेवटी जेवढा तुकडा उरला तेवढा तिसऱ्या जागी लावला. त्या मापाला काही हिशेब नव्हता, उरलं तेवढं होतं. तू तेच विचित्र माप कारखान्यातून खास करून आणलंस. उत्तरपत्रिकेची नक्कल करताना शेजाऱ्याच्या शाईचा डागसुद्धा उतरवून घेणारी मुलं मी दर परीक्षेला पाहते. त्यांच्यातला एक माझ्या घरात राहून गेला, हे आत्ता कळलं.

असो. डबा कुणाचा यावर भांडायला मी बसलेले नाही. मागणं एकच आहे. विक्री थांबव आणि विकलेले डबे परत बोलाव. त्यात एक खोट आहे आणि तिच्यामुळे लोकांचे अँप जळणार आहेत. तेजस्वीचा जळला.

ओमकारला मी काही सांगितलेलं नाही. मागे फोनवर म्हणाला, ‘आई, बाबांनी स्वतः शोधलंय ते.’ मी ‘हो का’ म्हटलं. तू डबे परत घेतलेस तर त्याला कधीच काही कळायचं कारण नाही. बापाबद्दल त्याला अभिमान आहे, तो मोडायची मला हौस नाही.

मंगल


निपाणी, ३० सप्टेंबर

उपेंद्र,

उत्तर आलं, पण तुझं नाही. आशिष भावजींचा फोन आला. कोर्टात बोलतात त्याच आवाजात बोलले. वहिनी, कशा आहात, तुमचे वडील, आप्पा, बरे आहेत ना, आणि मग हळूच, की सदर वस्तू ग्राहकाने चुकीच्या पद्धतीने वापरली, शिवाय ती अनधिकृत व्यक्तीने उघडली, त्यामुळे वॉरंटी संपली. अनधिकृत व्यक्ती म्हणजे मी. मला हसू आलं. ज्या बाईने डबा पहिल्यांदा बंद केला तिला तो उघडायचा अधिकार नाही.

भावजींना दोष देत नाही. घरातला वकील म्हणजे घरातली छत्री, पाऊस कुणावर पडतो ते तिला विचारायचं नसतं. पण खोट त्यांना समजली नसेल, म्हणून तुला पुन्हा सांगते, आणि अशी सांगते की तुझ्या गिऱ्हाइकालाही कळावी.

व्हॉल्व्हचा अँप पूर्ण जोरात चालला तरच त्याला तो भरदार सूर येतो, आणि पूर्ण जोरात चालला की शेजारी पोलिसांना बोलावतात. म्हणून अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये हा डबा. अँपचा जोर तो पोटात घेतो, त्याची उष्णता करतो आणि उरलेला थोडा आवाज बाहेर सोडतो. तुला पूर्ण आवाज हवा होता, तुझ्या आईला पूर्ण शांतता हवी होती, दोघंही माघार घेणाऱ्यांतले नव्हतात. मध्ये मी होते. मी डबा केला.

आता खोट. व्हॉल्व्हच्या अँपवर कायम बोजा लागतो. जोरात चालू असताना त्याच्या पुढची वाट क्षणभर जरी तुटली तरी आतला ट्रान्सफॉर्मर जातो. आणि मूठ फिरवताना मी वापरलेला, तू तसाच उचललेला स्विच वाट क्षणभर तोडतो. तो पंपाच्या पॅनेलवरचा चेंजओव्हर आहे, आप्पांच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेला. पंपाला तो तसाच लागतो. आधीची जोडणी पूर्ण सुटल्याशिवाय दुसरी लागता कामा नये, नाहीतर दोन फेज एकमेकांना भिडतील. शेतावरच्या विजेत वाढलेल्या पोरीला स्विच म्हटला की तोच आठवणार. गिटारवाल्यांच्या घरी जन्मलेल्या कुणी ही चूक केली नसती.

पण ती मला कळली होती. ओमकार रांगत यायचा आणि तू वाजवत असताना मूठ फिरवायला धडपडायचा, आठवतं? म्हणून मी दुसरा डबा केला. त्यात आत येणाऱ्या दोन तारांवर एक रेझिस्टर कायमचा जोडला. स्विचने वाट तोडली तरी तो बोजा धरून ठेवतो. तुला तो डबा ओबडधोबड वाटायचा, म्हणून तू तो कधी वापरला नाहीस. जाताना पहिलाच नेलास. दुसरा इथे पत्र्याच्या कपाटात आहे. चोरायचंच होतं तर पूर्ण झालेलं तरी चोरायचं होतंस.

मागच्या पत्रात मी लिहिलं, डबा कुणाचा यावर भांडायचं नाही. ते खोटं होतं. तुझ्या वेबसाइटवर मी ते पान उघडलं, तू त्या जुन्या अँपशेजारी हात बांधून उभा आहेस आणि खाली लिहिलंय, ‘एका वादकाने, वादकांसाठी.’ मी फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला गेले. आप्पा आतून विचारत होते की एवढी आदळआपट कशाची चाललीय. मला राग आला, उपेंद्र. अजून आहे. पण तो बाजूला ठेवून सांगते, नाव तुझंच राहू दे. डबे परत बोलाव. प्रत्येकात तो एक रेझिस्टर बसव. बस.

तेजस्वीच्या ओळखीच्या कुणा कोल्हापूरच्या मुलाचाही अँप असाच गेलाय. त्याने दोष व्हॉल्व्हला दिला. तेजस्वीचा नवरात्रातला कार्यक्रम गेला, तिच्या जागी दुसरा वाजवतोय. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होईल, तोवर अँप उभा राहिला नाही तर तो दुसराच कायम होईल.

मंगल


निपाणी, १२ ऑक्टोबर

उपेंद्र,

या वेळी तू स्वतः मेसेज केलास, याबद्दल आभार मानायचे की काय ते कळेना. एकच ओळ. ‘पहिला डबा मी इतकी वर्षं रोज वापरतोय, माझा अँप कधी जळला नाही.’

ही ओळ मला झोंबली, कारण ती खरी आहे. मी स्वतः साक्षीदार आहे. टिळकवाडीत वर्षानुवर्षं तू त्या डब्यावर वाजवलंस आणि अँपला काही झालं नाही. तोच स्विच, तीच तुटणारी वाट. मग तेजस्वीचा पहिल्याच गणपतीत का जळावा? दोन दिवस मी प्रयोगशाळेत मूठ फिरवत बसले. वाट प्रत्येक वेळी तुटत होती. माझ्या हिशेबाने तुझा अँप कधीच जायला हवा होता.

उत्तर आप्पांनी दिलं. खंडेनवमीला दुकानातली सगळी हत्यारं घासूनपुसून मांडली होती, वाइंडिंगचं यंत्र, पकडी, सोल्डरिंगची बंदूक. त्यांच्यात मी तेजस्वीच्या डब्यातला काढलेला स्विचही ठेवला होता. आप्पा हळदकुंकू वाहता वाहता थांबले. स्विच उचलला, आतली काळी पडलेली पट्टी पाहिली आणि म्हणाले, “चालू मोटरीवर फिरवलाय ह्यो. आधी बंद करायचं, मग मूठ फिरवायची. एवढं बी कुनी सांगितलं न्हाय व्हय त्याला?”

मी तिथेच उभी राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी, सदलग्याच्या मळ्यात आलास तेव्हा तू हौसेने चालत्या पंपाची मूठ धरली होतीस आणि आप्पा तुझ्यावर ओरडले होते. जावयावर ओरडले म्हणून माझ्या आईने दिवसभर त्यांच्याशी अबोला धरला होता. तेव्हापासून आपल्या घरात कुठलीही मूठ फिरवायची म्हणजे आधी थांबायचं, ही सवयच झाली. डब्यावरही तू तेच करायचास. गिटारच्या तारांवर तळवा ठेवायचा, आवाज मरू द्यायचा, मग मूठ. आवाजच नाही तर वाट तुटली काय आणि न तुटली काय. तुझा अँप माझ्या डब्याने नाही वाचवला, आप्पांच्या ओरड्याने वाचवला.

हे लक्षात आलं आणि माझा राग थोडा उतरला. मला वाटलं, तुला हे ठाऊकच नसेल. आपण जेवताना उजवा हात वापरतो ते कुणाला शिकवायला जात नाही. तू डबा नेलास, सवय अंगाबरोबर गेली आणि ती डब्याचा भाग आहे हे तुला सुचलंच नाही. असं होऊ शकतं. मी ते मानायला तयार आहे. या नवऱ्याबद्दल चांगलं मानायला मला अजून जागा सापडते, याची माझी मलाच गंमत वाटते.

म्हणून आज मागणं आणखी कमी करते. डबे परत बोलवायला जमत नसेल तर निदान सगळ्या गिऱ्हाइकांना एक ओळ पाठव. वाजवणं थांबवल्याशिवाय मूठ फिरवू नका. एवढंच. यात तुझं काही जात नाही.

तेजस्वीचा ट्रान्सफॉर्मर आप्पा आणि मी मिळून नवी तार गुंडाळून पुन्हा भरतोय. मोटरी भरणाऱ्या हातांना एवढी बारीक तार सोसत नाही. तारेचा पदर, कागद, पुन्हा पदर, आणि मध्येच तार तुटली की आप्पा तुझ्या नावाने शिव्या घालतात. मी त्यांना थांबवत नाही.

ओमकार दिवाळीला तुझ्याकडून इकडे येतोय. मी त्याच्यापाशी काही बोलणार नाही, हा शब्द अजून आहे.

मंगल


निपाणी, २५ ऑक्टोबर

उपेंद्र,

ती एक ओळ तू पाठवली नाहीस. तेजस्वीला रोज विचारत होते. नाही आली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा अँप तयार झाला. सकाळी ती काकतीहून बसने आली, येताना आप्पांसाठी करंज्या घेऊन आली. अँप दुकानातच मांडला. डब्यात मी कायमचा रेझिस्टर बसवला होता, आता मूठ कशीही फिरवली तरी भीती नव्हती. पण तिला धीर होईना. म्हणाली, आधी तुम्हीच कुणीतरी वाजवून दाखवा. आप्पांना आणि मला कुठलं येतंय. ओमकार दारात उभा होता. त्याने गिटार घेतली.

चांगला वाजवतो. हे तुझ्याकडून आलंय, नाकारत नाही. मोठ्याने वाजवलं तेव्हा समोरच्या तंबाखूच्या वखारीतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. तेजस्वी हसत होती. ओळख झाल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, आता बारीक कर.

ओमकारने वाजवणं थांबवलं. तारांवर तळवा ठेवला. आवाज पूर्ण मरेपर्यंत थांबला. मग मूठ फिरवली.

मी शब्द दिला होता, म्हणून मी गप्प होते. विचारलं तेजस्वीने. “थांबलास का रं मधीच?”

तो अगदी सहज बोलला. “असंच करायचं असतं. बाबांनी शिकवलंय. वाजवताना मूठ फिरवली की अँप जातो.”

तिने विचारलं, “मग मला का न्हाय सांगितलं कुणी?”

आणि तुझ्या मुलाने, गिटार गळ्यात, तुझ्यासारखाच चेहरा, तिला समजावून सांगितलं, “गिऱ्हाइकांना नाही सांगायचं ना. त्यांना वाटेल वस्तूतच खोट आहे.”

तो खोडसाळपणे बोलला नाही. धंद्यातली एक गोष्ट आपल्याला माहीत आहे, बाबा आपल्याला विश्वासात घेतात, याचा आनंद होता त्या बोलण्यात. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. तिथून अँपकडे, तिथून आप्पांच्या हाताकडे. बारीक तारेने बोटं चिरली होती त्यांची, पट्ट्या लावल्या होत्या. त्याला हळूहळू कळत गेलं आणि ते कळताना मला बघत बसावं लागलं. जन्मल्यापासून त्याची सगळी दुखणी मी काढली. हे मला काढता आलं नाही.

तेजस्वी त्याच्याकडे वळली. “जाऊ दे रं, तुझा काय दोष,” एवढंच म्हणाली आणि अँप रिक्षात ठेवायला निघाली. तो मदतीला पुढे झाला तर तिने मानेनेच नको म्हटलं. तेवढं त्याला पुरलं.

तेरा दिवसांपूर्वी मी तुला लिहिलं होतं की तुला ठाऊकच नसेल. किती मूर्ख बाई आहे मी. कागद घेऊन बसले, शोधून शोधून तुझ्यासाठी एक निर्दोष जागा तयार केली आणि तुला तिच्यात बसवलं. तू सगळं जाणून होतास. मुलाचा अँप जपलास, स्वतःचा जपलास आणि बाकीच्यांचे जळू दिलेस, कारण एक ओळ लिहिली असती तर लोकांनी विचारलं असतं, असं का, आणि का याचं उत्तर तुझ्याजवळ नाही. ते माझ्याजवळ आहे. मला विचारायला मात्र तुला लाज वाटली. तुझ्या घरात मी दबून राहिले, बोलले नाही, त्याचं मला कधी कधी वाईट वाटायचं. आज वाटत नाही. तुझ्यासारख्या माणसाला बोलून काय समजलं असतं.

मी आता काय करणार तेही सांगते, म्हणजे भावजींना पुन्हा फोन करायचे कष्ट नकोत. तो रेझिस्टर कुठे आणि कसा जोडायचा याचा व्हिडिओ तेजस्वीने काढलाय. मराठीत मी सांगितलं, कानडीत आणि इंग्रजीत आमच्या विद्यार्थ्यांनी. तो तिने सगळ्या वादकांना पाठवला. तुझं नाव त्यात घेतलेलं नाही. माझंही नाही. ज्याला जमणार नाही त्याने डबा घेऊन निपाणीला यावं. वॉरंटी संपते ती संपू दे.

आता ओमकारचं. त्या दिवशी तो जेवला नाही. संध्याकाळी मी भाकरी थापत होते तेव्हा मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आई, डबा तू केलास ना?” मी म्हटलं, हो. त्याचं त्याला बहुधा वाईटसुद्धा वाटलं नाही, मला वाटत होतं तितकं तरी नाही. त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं आणि मग विचारलं, “बाबांनी मला सांगितलं, तिला का नाही सांगितलं?”

माझ्याजवळ उत्तरं पुष्कळ होती. एवढ्या वर्षांत साठलीयत. पण मी म्हटलं, ते बाबांनाच विचार.

मी शब्द पाळला, उपेंद्र. त्याला मी काही सांगितलं नाही. सांगितलंस ते तूच, मूठ फिरवायला शिकवलंस त्या दिवशी.

हे पत्र पोस्टाने येणार नाही. आज संध्याकाळच्या बसने तो निघतोय, त्याच्याच हाती देते आहे आणि पाकीट चिकटवलेलं नाही. तो उद्या तुझ्या दारात उभा राहील तेव्हा त्याने हे वाचलेलं असेल किंवा नसेल, त्याचा प्रश्न तोच असेल. मला उत्तर नको आहे. त्याला दे.

मंगल